काटा शून्यावर आहे, म्हणजे नेमकं काय?

एक्सप्लोरर-१ हा अमेरिकेचा पहिला उपग्रह ३१ जानेवारी १९५८च्या रात्री उडाला. पृथ्वीजवळ आला की साडेतीनशे किलोमीटर, लांब गेला की अडीच हजार किलोमीटर अशी त्याची लांबट कक्षा. आत जेम्स व्हॅन ॲलन यांच्या आयोवा विद्यापीठातल्या गटानं बसवलेली एक गायगर नळी. वैश्विक किरण मोजायचे, एवढंच तिचं काम. खालच्या उंचीवर सेकंदाला तीसेक ठोके पडत होते, अपेक्षेप्रमाणेच. उपग्रह उंच गेला की मात्र ठोके शून्य. मार्चमध्ये एक्सप्लोरर-३ गेला, त्यात टेपरेकॉर्डर होता, त्यामुळे अख्ख्या फेरीची नोंद हाती आली. मोजणी वाढत वाढत जाते, वरची मर्यादा गाठते आणि मग एकदम शून्य. बराच वेळ शून्य. मग पुन्हा उलट्या क्रमानं खाली.

त्याच गटातल्या कार्ल मॅक्इल्वेन यांनी तशीच एक नळी क्ष-किरण यंत्रासमोर धरली आणि मारा वाढवत नेला. एका मर्यादेनंतर नळीनं शून्य दाखवलं. म्हणजे वर काही नव्हतं असं नव्हतंच. तिथं इतकं होतं की नळीला श्वास घ्यायला उसंत मिळत नव्हती. पृथ्वीभोवतीचे किरणोत्सर्गाचे पट्टे असे एका शून्यातून सापडले.

सोलापुरात फिजिक्स शिकणाऱ्या कुणाला अवकाशातला किरणोत्सर्ग आणि प्लाझ्मा, म्हणजे सुट्या आयनांचा आणि इलेक्ट्रॉनांचा वायू, कसा मोजतात हे शिकायचं असेल, तर सुरुवात या शून्यापासून करावी असं आमचं ठाम मत आहे. अवकाशात पाठवलेलं प्रत्येक यंत्र कुठल्या ना कुठल्या कारणानं शून्य दाखवतं. ते कारण ओळखता आलं की निम्मं काम झालं.

गायगर नळी म्हणजे धातूची किंवा काचेची बंद नळी. आत कमी दाबाचा निऑनसारखा वायू आणि किंचित हॅलोजन, मधोमध बारीक तार, तारेवर सुमारे ४०० व्होल्ट. एखादा कण आत घुसला की वायूतले काही अणू फुटतात, सुटलेले इलेक्ट्रॉन तारेकडे धावतात, वाटेत आणखी अणू फोडतात आणि क्षणात सगळी तार पेटते. म्हणूनच प्रत्येक ठोका सारख्याच उंचीचा. आत आलेला कण हलका होता की जड, दमदार होता की मरतुकडा, हे नळी सांगू शकत नाही. पेटल्यावर तारेभोवती धन आयनांचं, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूंचं, आवरण उरतं. ते बाजूला सरेपर्यंत नळी आंधळी असते. हा तिचा मृतकाळ.

आता जानेवारीतली गड्ड्याची जत्रा डोळ्यांसमोर आणा. फाटकावर एक माणूस मोजायला बसलाय आणि त्याचा नियम असा, की प्रत्येक माणूस आत गेला की दोन सेकंद डोळे मिटायचे. त्या दोन सेकंदांत आणखी कुणी गेलं तर तो मोजला जात नाही, पण डोळे मिटण्याचे दोन सेकंद मात्र पुन्हा नव्यानं सुरू. सकाळी तुरळक गर्दीत हिशोब जवळपास बरोबर येईल. संध्याकाळी रेटारेटी सुरू झाली की त्याचे डोळे उघडणारच नाहीत आणि वहीत शून्य राहील. एक्सप्लोररच्या नळीचं हेच झालं. अर्धवट सावरलेल्या नळीत पडलेला ठोका इतका बुटका असतो की सर्किट तो मोजत नाही, पण सावरण्याची प्रक्रिया मात्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

हे टेबलावर बसून पाहता येतं. एसबीएम-२० ही रशियन नळी आजही मिळते आणि शिकायला उत्तम आहे. तिचा मृतकाळ १९० मायक्रोसेकंद. सेकंदाला १०० ठोके आले तर दुरुस्ती दोन टक्क्यांचीच. १००० ठोके दिसले, तर खरे सुमारे १२३५ असतात. सूत्र सोपं आहे: दिसलेली मोजणी भागिले (एक वजा, दिसलेली मोजणी गुणिले मृतकाळ). पण हे सूत्र डोळे मिटण्याचा वेळ वाढत नाही असं धरून चालतं. मारा खूप वाढला की तेही कोलमडतं.

जोडणीतल्या चुका ठरलेल्या असतात. पहिली चूक व्होल्टेज मोजण्यात होते. नळीला ४०० व्होल्ट लागतात, ३५० ते ४७५ ही तिची सपाट पट्टी, म्हणजे तेवढ्यात मोजणी फारशी बदलत नाही. घरी बनवलेला उच्चदाब पुरवठा फार अशक्त असतो आणि साध्या मल्टिमीटरचा अंतर्गत रोध १० मेगओम. मीटर लावलं की तोच ४० मायक्रोॲम्पिअर ओढतो, व्होल्टेज बसतं आणि मीटर अडीचशे दाखवतं. मग माणूस पुरवठा पिळत जातो. मीटरवर ४०० आले की प्रत्यक्षात, मीटर काढल्यावर, नळीवर सहाशेच्या पुढे गेलेले असतात. नळी सलग पेटून राहते आणि काही मिनिटांत खराब होते. उपाय असा: १०० मेगओमचे दहा रोध एकापुढे एक जोडा, त्यांच्या टोकाला मीटर लावा आणि जे दिसेल त्याला १०१ नं गुणा. रोधांवर बोटांचा घाम किंवा धूळ राहू देऊ नका, तीही वीज वाहून नेते. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून घ्या.

दुसरी चूक ॲनोडच्या रोधाची. ५.१ मेगओमचा रोध नळीच्या धन टोकाला अगदी चिकटून हवा. मध्ये वीतभर वायर ठेवली तर त्या वायरीत साठलेला भारही प्रत्येक ठोक्याला नळीतून जातो. ठोका दांडगा होतो आणि नळीचं आयुष्य घटतं. तिसरी चूक टोकं उलटी लावण्याची. तिला क्षमा नाही.

तपासायला स्रोत कुठून आणायचा? खताच्या दुकानातून. ऊस आणि द्राक्षबागांना घालतात ते म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. निसर्गातल्या पोटॅशियममध्ये पोटॅशियम-४० अल्प प्रमाणात असतंच आणि ते बीटा कण सोडतं. एक किलो खतात सेकंदाला साधारण १५ हजार अणू फुटतात. हे धोक्याचं नाही, आपण ते हातानं शेतात टाकतो. पिशवी नळीला चिकटवून ठेवली की मोजणीत वाढ दिसली पाहिजे. दिसली नाही तर चूक सर्किटमध्ये शोधा, खतात नाही.

आणि घाई करू नका. नुसत्या पार्श्वभूमीला ही नळी मिनिटाला वीसेक ठोके देते. एका मिनिटाच्या वीस ठोक्यांत साडेचारची अनिश्चितता असते, म्हणजे बावीस टक्के. एक टक्क्याची खात्री हवी तर दहा हजार ठोके हवेत, म्हणजे आठ तास वीस मिनिटं. पाच मिनिटांची मोजणी दाखवून 'आज सौरवादळामुळे किरणोत्सर्ग वाढला' असं लिहिणाऱ्या पोस्ट दिसतात, तेव्हा वाईट वाटतं. तसंही सूर्याकडून येणारे बहुतेक प्रोटॉन सोलापूरच्या जमिनीपर्यंत पोहोचूच शकत नाहीत. आपण चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ आहोत. इथं वरून आत शिरायला प्रोटॉनकडे सोळा-सतरा गिगाव्होल्टची धडक लागते आणि सौरवादळातल्या फारच थोड्या कणांकडे ती असते. १० आणि ११ मे २०२४ला जे मोठं भूचुंबकीय वादळ झालं, लडाखमध्ये हानले इथून आकाश लाल दिसलं, तसल्या वादळात उलट वैश्विक किरण काही टक्क्यांनी घटतात. सौरवाऱ्याबरोबर, म्हणजे सूर्याकडून सतत वाहत येणाऱ्या प्लाझ्माबरोबर, आलेलं चुंबकीय क्षेत्र त्यांना बाहेर ढकलतं.

खरोखर अवकाशातून आलेलं काही पाहायचं तर दोन नळ्या घ्या. एक वर, एक खाली, मध्ये पाच सेंटिमीटर, दोन्ही आडव्या आणि समांतर. दोन्हींत शंभर मायक्रोसेकंदांच्या आत ठोका पडला तरच मोजा. भिंतीतल्या, फरशीतल्या गॅमा किरणांनी योगायोगानं असा जोडठोका पडायची शक्यता दहा-बारा तासांत एखाद्या वेळची. बाकी जे मिनिटाला एक-दोन मिळतात ते म्युऑन. वरच्या हवेत वैश्विक किरण आदळून तयार झालेले. आता जोडी हळूहळू कलती करा. मोजणी कलाच्या कोसाइनच्या वर्गानुसार घटत गेली पाहिजे आणि पंचेचाळीस अंशांवर निम्मी. रात्रभर एका कोनात, दुसऱ्या रात्री दुसऱ्या कोनात. सोबत हवेचा दाब लिहा, सोलापूरच्या उंचीवर तो ९६० मिलिबारच्या आसपास असतो. दाब वाढला की म्युऑन किंचित घटतात.

नळी कणाची ओळख सांगत नाही, म्हणून पुढे सिलिकॉन आला. शुद्ध सिलिकॉनची पातळ चकती, उलट दिशेनं व्होल्टेज देऊन आतले सुटे विद्युतभार काढून टाकलेली. कण आरपार जाताना किंवा आत थांबताना जी ऊर्जा सोडतो, त्यातल्या दर ३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टला (हे कणांच्या ऊर्जेचं एकक) एक जोडी सुटते: एक इलेक्ट्रॉन आणि त्याच्या जागी उरलेली पोकळी. दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणजे पावणेतीन लाखांहून जास्त जोड्या. ठोक्याची उंची आता ऊर्जा सांगू लागते.

पण इथंही फसगत आहे. ३०० मायक्रॉन जाडीच्या चकतीत ६० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंतचा प्रोटॉन पूर्ण थांबतो. त्याहून जोरकस असेल तर आरपार जातो आणि जोर जितका जास्त तितकी कमी ऊर्जा सोडतो. त्यामुळे सहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टचा ठोका दिसला, तर तो सहा लाखांचा प्रोटॉन आत विसावला म्हणून असेल, किंवा सहा कोटींचा प्रोटॉन चकती भेदून पुढे गेला म्हणून असेल. एका चकतीला हे कळणं अशक्य. म्हणून चकत्या एकामागे एक रचतात. पहिलीत किती सोडलं आणि पुढच्यांत किती उरलं याचा आलेख काढला की प्रोटॉन, हेलियम, कार्बन, लोखंड प्रत्येकाची आपापली वक्ररेषा वेगळी उमटते. सारख्या वेगाला सोडलेली ऊर्जा विद्युतभाराच्या वर्गात वाढते: हेलियमची प्रोटॉनच्या चौपट, कार्बनची छत्तीस पट, लोखंडाची ६७६ पट. कडेनं घुसणारे कण वगळायला भोवती प्लास्टिक सिंटिलेटरचं, म्हणजे कण गेला की चमकणाऱ्या प्लास्टिकचं, कुंपण असतं. त्यात आणि आत एकदम ठोका पडला की ती नोंद टाकून द्यायची.

सिलिकॉनचे दोन शत्रू, उजेड आणि उष्णता. उजेडानं जोड्या सुटतात, म्हणून समोर ॲल्युमिनियमचा पातळ थर. त्याला टाचणीएवढं भोक पडलं तरी चकती गोंगाटानं भरून जाते. उष्णतेचं गणित सोलापूरकरांना समजावून सांगायला नको: दर सात-आठ अंशांना गळतीची वीज दुप्पट होते. वातानुकूलित खोलीत २० अंशांवर तपासलेली चकती मे महिन्यात ४४ अंशांच्या खोलीत लावली की गळती आठपट. छोटे ठोके त्यात बुडतात. यानात म्हणूनच अशा डिटेक्टरला सावलीची बाजू आणि उष्णता बाहेर फेकणारी पाटी देतात.

असंच चकत्यांच्या रचनेचं आरएडी हे यंत्र क्युरिऑसिटी गाडीवर मंगळाला गेलं. वाटेतल्या प्रवासात त्यानं दिवसाला सरासरी १.८४ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाचं एकक) मोजले, मंगळाच्या जमिनीवर ०.६४. चीनच्या चांगअ-४ वरच्या यंत्रानं चंद्रावर दिवसाला १.३७ मोजले. पृथ्वीवर माणसाला निसर्गातून वर्षभरात मिळतात सरासरी २.४.

हे झाले जोरकस कण. सौरवाऱ्याची गोष्ट निराळी. तो सेकंदाला ४०० किलोमीटर वेगानं वाहतो. ऐकायला भयंकर वाटतं, पण त्या वेगाच्या प्रोटॉनची ऊर्जा अवघी ८३५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. सिलिकॉनच्या पृष्ठभागावर एक निष्क्रिय थर असतो आणि हा प्रोटॉन त्या थरातच संपतो. सौरवाऱ्याच्या मधोमध ठेवलेली उत्तम सिलिकॉन चकती सौरवारा शून्य दाखवेल. म्हणून प्लाझ्माला वेगळी यंत्रं लागतात.

सगळ्यांत साधं म्हणजे फॅरडे कप. धातूचा पेला, तळाशी पत्रा, वर जाळ्या. आयन पत्र्यावर पडले की वीज वाहते, ती मोजायची. किती वाहते? घनसेंटिमीटरला पाच प्रोटॉन धरले, तर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३२ पिकोॲम्पिअर. त्याच पत्र्यावर ऊन पडलं तर उन्हानं उडवलेल्या इलेक्ट्रॉनांची वीज याच्या पन्नास-शंभर पट असते. म्हणजे दाण्यांपेक्षा भुसाच जास्त.

यावरची युक्ती सुरेख आहे. मधल्या एका जाळीला स्थिर धन व्होल्टेज न देता ते दोन पातळ्यांमध्ये सेकंदाला काही शे वेळा वरखाली करायचं. समजा ८०० आणि ८७० व्होल्ट. ८०० पेक्षा कमी ऊर्जेचे प्रोटॉन दोन्ही वेळा अडतात, ८७० पेक्षा जास्तीचे दोन्ही वेळा पार होतात. मधले तेवढे एकदा येतात, एकदा येत नाहीत. तेव्हा पत्र्यावरच्या विजेतला फक्त वरखाली होणारा भाग मोजायचा. ऊन स्थिर असतं, त्याची वीज आपोआप गळते. पत्र्यासमोर आणखी एक ऋण व्होल्टेजची जाळी हवी, आयनांच्या धडकेनं पत्र्यातून उडणारे इलेक्ट्रॉन परत पाठवायला. ती बंद पडली तर उडून गेलेला प्रत्येक इलेक्ट्रॉन आलेल्या आयनासारखाच मोजला जातो आणि घनता फुगलेली दिसते.

जाळीचं गणित ज्यांच्या घरात माग आहे त्यांना लगेच कळेल. तार २० मायक्रॉन जाडीची आणि दोन तारांत एक मिलिमीटर अंतर असेल, तर ताणा दोन टक्के अडवतो, बाणा दोन टक्के अडवतो, म्हणजे ९६ टक्के मोकळं. कपात अशा आठ जाळ्या असतील तर शेवटी ७२ टक्के आयन पोहोचतात. वीण घट्ट केली, अंतर ०.२ मिलिमीटर केलं, तर एक जाळी ८१ टक्के मोकळी आणि आठ जाळ्यांतून जेमतेम १८ टक्के पार. मग वीण विरळच का ठेवू नये? तर भोकाच्या मध्यावर व्होल्टेज तारेइतकं राहत नाही, खाली झोळ पडतो. ८०० व्होल्टची जाळी भोकाच्या मध्यात काही व्होल्ट कमीची असते आणि ऊर्जेची सीमा पुसट होते. हा तोल साधणं हेच कपाच्या रचनेतलं खरं कसब. पार्कर सोलर प्रोब सूर्याजवळ गेलं, २४ डिसेंबर २०२४ला तर पृष्ठभागापासून ६१ लाख किलोमीटरवर. त्याचा कप उष्णतारोधक ढालीच्या बाहेर डोकावतो. तिथं जाळ्या टंगस्टनच्या आहेत, वायरी नायोबियमच्या आणि वायरींभोवती नीलमणी स्फटिकाच्या नळ्या. साधं प्लास्टिकचं वेष्टन तिथं क्षणभर टिकलं नसतं.

कपाला दिशा नीट कळत नाही. त्यासाठी टोपी-घुमट रचनेचा विश्लेषक. एकात एक बसवलेले दोन अर्धगोल, वाटीत वाटी ठेवल्यासारखे, आणि वर मधोमध भोकावर झाकण. आयन चहूबाजूंनी झाकणाखालून आत येतो आणि दोन वाट्यांमधल्या फटीत वळतो. आतल्या वाटीवर ऋण व्होल्टेज. ऊर्जा नेमकी तेवढीच असेल तर वळण जमतं. जास्त असेल तर बाहेरच्या वाटीवर आपटतो, कमी असेल तर आतल्या.

आकडे घालून पाहू. त्रिज्या ४० मिलिमीटर, फट तीन मिलिमीटर. त्रिज्येला फटीच्या दुपटीनं भागलं की ६.६७ येतात. म्हणजे वाटीवर एक व्होल्ट दिला की भारामागे ६.६७ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा कण पार होतो. आपला ८३५चा प्रोटॉन १२५ व्होल्टला दिसेल. हेलियमचं केंद्रक त्याच वेगानं येत असलं तर त्याची ऊर्जा चौपट, पण भार दुप्पट. वळणाला भारामागची ऊर्जा लागते, ती १६७०. म्हणून हेलियम २५० व्होल्टला दिसतो. सौरवाऱ्याचा वर्णपट पाहाल तेव्हा एक उंच शिखर आणि बरोबर दुप्पट जागी एक बुटकं शिखर असं चित्र दिसेल. दुसरं शिखर दुप्पट जागेवर नसेल, तर आधी यंत्राच्या कॅलिब्रेशनवर संशय घ्या. दोन वाट्यांचं केंद्र एकच असणं फार महत्त्वाचं. फट ०.०३ मिलिमीटरनं चुकली की ऊर्जा एक टक्क्यानं चुकते आणि वेग सेकंदाला दोन किलोमीटरनं.

आदित्य-एल१ वर अशी यंत्रं आहेत. २ सप्टेंबर २०२३ला पीएसएलव्ही-सी५७नं ते उडालं आणि ६ जानेवारी २०२४ला पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरच्या एल१ बिंदूभोवतीच्या कक्षेत पोहोचलं. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेच्या ॲस्पेक्स उपकरणात स्विस आणि स्टेप्स असे दोन भाग. स्विसमध्ये असे दोन घुमट एकमेकांना काटकोनात बसवलेत, प्रत्येक ३६० अंश पाहतो. १०० ते २० हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट हा त्याचा पल्ला, म्हणजे वरच्या आपल्या उदाहरणातल्या मापाच्या वाट्यांना १५ ते ३००० व्होल्ट द्यावे लागले असते. त्यावरच्या ऊर्जा स्टेप्सकडे. तिरुवनंतपुरमचं पापा उपकरण इलेक्ट्रॉन आणि आयन दोन्ही पाहतं. चुंबकमापी सहा मीटरच्या दांडीवर दोन ठिकाणी आहे, टोकाला आणि मध्यावर. यानाचं स्वतःचं चुंबकत्व जवळच्या मापीत जास्त आणि लांबच्यात कमी दिसतं. त्या फरकावरून ते वजा करता येतं.

घुमटातून पार झालेला आयन मोजणार कोण? मायक्रोचॅनल प्लेट. काचेची पातळ चकती, तिला दहा ते पंचवीस मायक्रॉनची लाखो तिरपी भोकं. आयन भोकाच्या भिंतीवर आपटला की इलेक्ट्रॉन उडतात, तेही आपटत खाली जातात, दर आपटीला वाढत. प्रत्येक चकतीवर हजारेक व्होल्ट. दोन चकत्या अशा ठेवतात की भोकांचा तिरकेपणा उलटसुलट होऊन व्ही आकार व्हावा. सरळ ठेवल्या तर खाली तयार झालेले आयन उलट वर धावतात आणि खोटे ठोके देतात. एका कणामागे खाली दहा लाख ते एक कोटी इलेक्ट्रॉन निघतात.

या चकतीला ओलावा सोसत नाही. यंत्र बनल्यापासून उड्डाणापर्यंत तिच्यावर कोरड्या नायट्रोजनचा झोत सोडलेला असतो. पावसाळ्यात ते नळकांडं बदलायला उशीर झाला तर महिन्यांचं काम वाया जातं. दुसरा धोका व्होल्टेज लवकर देण्याचा. जमिनीवरच्या हवेत ठिणगीला बरंच व्होल्टेज लागतं आणि पूर्ण निर्वातात तर फारच. मधल्या दाबाला मात्र सव्वातीनशे व्होल्टलाही ठिणगी पडते. एक सेंटिमीटरच्या फटीला हा दाब वातावरणाच्या एक हजारांशाच्या आसपास येतो. वर जाताना यान त्यातून जातंच आणि गेल्यावरही आतल्या वायरींमधून, गोंदातून वायू पाझरत राहतो. म्हणून दाब वातावरणाच्या अब्जांशावर येईपर्यंत उच्चदाब बंद आणि नंतरही पायरीपायरीनं कित्येक दिवस घेत वाढवतात. तोवर मोजणी शून्यच असते आणि ती तशी असायलाच हवी.

तिसरा धोका सूर्याचे अतिनील किरण. ते वाट्यांवर उड्या मारत चकतीपर्यंत पोहोचले तर तीही ठोके देते. म्हणून वाट्यांच्या आतल्या बाजूला बारीक खाचा आणि काळा तांब्याचा लेप.

लँगम्युअर प्रोबबद्दल थोडक्यात, कारण छोटे उपग्रह बनवणारे विद्यार्थी सगळ्यांत आधी तोच निवडतात. प्लाझ्मात धातूचा गोळा ठेवायचा, त्याचं व्होल्टेज ऋणाकडून धनाकडे नेत वीज मोजायची. चांद्रयान-३च्या विक्रमवर रंभा नावाचा असाच प्रोब होता: एक मीटरच्या दांडीवर पाच सेंटिमीटरचा गोळा, उणे १२ ते अधिक १२ व्होल्ट, ०.१ व्होल्टच्या पायऱ्या, पिकोॲम्पिअरपर्यंत मोजणी. ज्या भागात वीज भराभर वाढते, तिथं ती दहापट व्हायला किती व्होल्ट लागले ते पाहायचं आणि २.३ नं भागायचं. ०.२३ व्होल्ट लागले असतील तर इलेक्ट्रॉनचं तापमान ०.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे सुमारे ११६० केल्विन.

विद्यार्थ्यांची नेहमीची चूक आकारात होते. गोळ्यानं ओढलेल्या इलेक्ट्रॉनांची भरपाई उपग्रहाच्या अंगावर पडणाऱ्या संथ, जड आयनांनी करायची असते. ऑक्सिजन आयनांच्या आयनोस्फिअरमध्ये, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात, त्यासाठी उपग्रहाचं उघडं धातूचं अंग गोळ्याच्या निदान दोनशे पट हवं. दहा सेंटिमीटर घनाचा उपग्रह घ्या, पृष्ठभाग ६०० चौरस सेंटिमीटर. एक सेंटिमीटरच्या गोळ्याचा ३.१४. गुणोत्तर १९१, तेही सगळं अंग उघडं धरून. प्रत्यक्षात बहुतेक भाग सौरपट्ट्यांच्या काचेनं झाकलेला. मग गोळ्याला तीन व्होल्ट दिले की उपग्रहच अडीच व्होल्टनं खाली घसरतो, आलेख ताणला जातो आणि तापमान अवाच्या सवा निघतं. गोळा लहान करा, किंवा अंगावर पारदर्शक वाहक लेप द्या. गोळ्यावर घाण बसली असेल तर व्होल्टेज चढवतानाचा आणि उतरवतानाचा आलेख जुळत नाही. म्हणून दोन्ही दिशांनी मोजा आणि दोन्ही आलेख खाली पाठवा, एकच पाठवून जागा वाचवू नका.

हे सगळं स्वतः न उडवताही हाताळता येतं. आदित्यची माहिती इस्रोच्या प्रदान पोर्टलवर नोंदणी करून उतरवता येते. सौरवाऱ्याच्या फाइली सहसा सीडीएफ साच्यात असतात. त्यात मोजणी नसलेल्या जागी बहुधा उणे १ आणि त्यापुढे ३१ शून्यं असा आकडा भरलेला असतो. तो न गाळता सरासरी काढली की काय होईल ते उघड आहे. रिकामी जागा आणि खरं शून्य वेगळं ठेवा. दर्जाचा स्तंभ आधी वाचा, वेग नंतर.

सूर्यमालेच्या कडेकडे निघालेल्या व्हॉयेजर-१ यानाचा फॅरडे कप १९८०मध्येच बंद पडला होता. २५ ऑगस्ट २०१२ला ते सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडलं, तेव्हा प्लाझ्मा थेट मोजायला यंत्रच नव्हतं. पुढे २०१३मध्ये त्याच्या अँटेनानं भोवतीच्या इलेक्ट्रॉनांची थरथर पकडली, वारंवारता २.६ किलोहर्ट्झ. ही वारंवारता घनतेच्या वर्गमुळावर ठरते: घनसेंटिमीटरला एक इलेक्ट्रॉन असेल तर जवळपास ९ किलोहर्ट्झ. त्यावरून घनता निघाली ०.०८, सूर्याच्या प्रभावक्षेत्राच्या आतल्या कडेपेक्षा कितीतरी दाट. तिथून मग खात्री झाली.

व्हॉयेजर-२चा कप मात्र चालू होता. ५ नोव्हेंबर २०१८ला सौरवाऱ्याचा वेग झपकन उतरला आणि नंतर कपाला तो वारा पुन्हा दिसलाच नाही. त्याच दिवशी वैश्विक किरणांची मोजणी वर गेली, चुंबकीय क्षेत्र वाढलं आणि सूर्याच्या बाजूचे कमी ऊर्जेचे कण घटले. चार यंत्रं एकदम बोलली. कपातलं ते शून्य खरं होतं.